दाढ दुखतेय, पण नेमकी कोणती?

दाढदुखीचा पेशंट खुर्चीत बसतो तेव्हा त्याचं बोट क्वचितच एका दातावर असतं. तो अख्खा गाल दाखवतो, कानशिलापर्यंत हात नेतो आणि म्हणतो, "डॉक्टर, हा सगळा भागच ठणकतोय." त्याचं काही चुकत नसतं. दाताच्या आतल्या गरात, म्हणजे लोक ज्याला नस म्हणतात तिथे, वेदना कळवणारे तंतू भरपूर असतात. पण वेदनेचं ठिकाण सांगणारे तंतू जवळजवळ नसतात. ते असतात मुळाभोवतीच्या पातळ पडद्यात, जो दाताला हाडाशी बांधून ठेवतो. त्यामुळे सूज गरापुरती असेपर्यंत दुखणारी दाढ वरची की खालची, हेही कित्येकांना सांगता येत नाही. सूज मुळाच्या टोकातून बाहेर आली की तोच माणूस बोटाच्या टोकानं नेमका दात दाखवतो. बाजूबद्दल मात्र पेशंट सहसा चुकत नाही. मागच्या दातांची कळ वरून खाली, खालून वर, कानाकडे, कपाळाकडे भटकते. डावीकडून उजवीकडे जात नाही.

म्हणून दवाखान्यात आम्ही एक गोष्ट घट्ट धरून चालतो: पेशंटला घरी होते तीच कळ तपासणीत पुन्हा उमटल्याशिवाय कुठल्याही दाताला ड्रिल लावायचं नाही. तोंडात काळी पडलेली दाढ दिसली म्हणजे दुखणारी तीच, असं गृहीत धरलं की चुकीच्या दाताचं रूट कॅनाल होतं आणि दुखणं तसंच राहतं. चाळिशीच्या माणसाच्या तोंडात कीड, जुनी सिमेंटं, झिजलेल्या माना (दाताचा हिरडीलगतचा भाग), एखादी कॅप हे सगळं एकाच वेळी असतं. त्यातलं दोषी कोण, हे नुसत्या नजरेनं ठरत नाही.

यात पेशंटची मदत एका बाबतीत फार मोलाची असते. निघण्याच्या आधी तासाभरात वेदनाशामक गोळी घेतलेली असेल, तर गार पाण्याची आणि ठोकून बघण्याची दोन्ही परीक्षणं मंदावतात. दुखणं सहन होत असेल तर गोळी न घेता यावं. घेतलीच असेल तर कोणती, किती वाजता, हे सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आम्हाला फक्त उत्तराचा अर्थ लावताना ते धरावं लागतं.

खुर्ची मागे करण्याआधी चेहरा बघायचा असतो. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजलाय का, तोंड किती उघडतंय, ताप आहे का. जबड्याच्या खाली दोन्ही बाजूंनी टणक सूज, जीभ वर उचलली गेलेली, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय किंवा श्वासाला त्रास होतोय, असं असेल तर ते दवाखान्याचं काम नाही. तो पेशंट तडक मोठ्या रुग्णालयात जायला हवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढलेल्या सुजेलाही हेच लागू. आणखी एक प्रश्न पन्नाशीपुढच्या माणसाला आम्ही न चुकता विचारतो: जिना चढताना, भरभर चालताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो का? तसं असेल तर दाताकडे नंतर बघू, आधी ईसीजी.

मग प्रश्न. सगळ्यांत कामाचा प्रश्न "किती दुखतं" हा नाही. "कशानं सुरू होतं आणि ती गोष्ट थांबवल्यावर किती वेळ राहतं" हा आहे.

गार पाण्यानं सणक जाते आणि पाणी गिळलं की एक-दोन सेकंदांत संपते, ही एक गोष्ट. डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाखालच्या थरात, गराकडे जाणाऱ्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गारव्यानं, गोडानं किंवा वाऱ्यानं तो द्रव हलला की नळीच्या आतल्या टोकाशी असलेला तंतू जागा होतो. गर निरोगी किंवा थोडासाच चिडलेला असेल तर ही सणक तीक्ष्ण आणि छोटी असते. लहान कीड, निघालेलं सिमेंट, उघडी पडलेली दाताची मान यांपैकी काहीतरी कारण असतं. ते दूर केलं, नळ्या झाकल्या, की गर शांत होतो.

गार लागल्यावर कळ अर्धा मिनिट, मिनिट, कधी पाच मिनिटं घोळत राहते, ही अगदी वेगळी गोष्ट. त्यात काहीही न खाता आपोआप ठणका सुरू होत असेल, आडवं झाल्यावर वाढत असेल, झोपेतून उठवत असेल, तर गराची सूज परतीच्या पलीकडे गेलेली असते. गर चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो, सुजेला पसरायला जागा नसते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका चढतो. म्हणून असे लोक रात्री खुर्चीत बसून काढतात. पुढच्या टप्प्यात गरम चहा सोसत नाही आणि गार पाण्यानं उलट बरं वाटतं. बाटलीतलं गार पाणी दर दोन मिनिटांनी तोंडात धरत वेटिंग रूममध्ये बसलेला माणूस दिसला की निदान निम्मं झालेलं असतं. इथे सिमेंट भरून भागत नाही. रूट कॅनाल किंवा दात काढणं, दोनच रस्ते.

यापुढचा टप्पा लोकांना सर्वाधिक फसवतो. भयंकर ठणकणारी दाढ एक दिवस अचानक थांबते. लवंगेच्या तेलानं किंवा मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूलनं बरं झालं असं वाटतं. खरं तर गर मेलेला असतो. दुखायला आत जिवंत काही उरलेलं नसतं. जंतू मात्र असतात. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी ते मुळाच्या टोकापाशी सूज आणतात आणि दात लांब झाल्यासारखा वाटू लागतो, बाकीच्यांच्या आधी तोच लागतो, भाकरी चावताना टोचतो. गारगरम काहीच कळत नाही. हे वर्णन ऐकलं की दाताच्या आतलं नाही, मुळाच्या बाहेरचं दुखणं शोधायचं.

प्रश्न संपले की हात. केसपेपरवर तक्ता काढतो: संशय खालच्या डाव्या पहिल्या दाढेवर असेल तर ३६ (प्रत्येक दाताला असा ठरलेला क्रमांक असतो), तिच्या शेजारच्या ३५ आणि ३७, आणि तुलनेला उजवीकडची ४६. प्रत्येक परीक्षण चारही दातांवर, आणि सुरुवात निरोगी दातापासून. पेशंटला आधी "चांगलं" कसं लागतं ते कळलं पाहिजे. नाहीतर घाबरलेला माणूस पहिल्याच स्पर्शाला हो म्हणतो.

आरशाच्या दांड्यानं दातावर हलकेच ठोकायचं, वरून आणि बाजूनं. त्याआधी बोटानं दाबून बघायचं, कारण मुळाशी पू असलेला दात बोटाचा दाबही सोसत नाही आणि तिथे ठोकणं म्हणजे विनाकारण छळ. वरून ठोकल्यावर दुखलं तर मुळाच्या टोकाशी, बाजूनं ठोकल्यावर जास्त दुखलं तर बहुधा हिरडीच्या बाजूनं. हा कल आहे, पुरावा नव्हे. मग गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बोट फिरवून मुळाच्या टोकापाशी फुगवटा किंवा हुळहुळेपणा लागतो का, ते बघायचं.

गारव्याची परीक्षा नीट करायला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. दात कापसानं कोरडा करायचा, शेजारी कापसाचे रोल लावायचे. गार करणाऱ्या फवाऱ्यानं, जो उणे २६ अंशांच्या आसपास असतो, कापसाचा बोळा भिजवून दाताच्या गालाकडच्या बाजूला मध्यभागी टेकवायचा. पेशंटला सांगून ठेवायचं: गार लागलं की डावा हात वर, थांबलं की खाली. हात खाली येईपर्यंत आम्ही सेकंद मोजतो. शेजारच्या दातावर दोन सेकंद आणि संशयितावर चाळीस, हा फरक बोलतो. फवारा नसला तर सुईच्या टोपणात पाणी गोठवून केलेली बर्फाची कांडी चालते. पण बर्फ वितळतो, खुर्ची मागे झुकलेली असते, पाणी मागच्या दातांवर ओघळतं. म्हणून कांडीनं करताना सगळ्यांत मागच्या दातापासून पुढे यायचं, नाहीतर तपासतोय एक आणि ओरडतोय दुसरा. कॅप असलेला दात, वयानुसार आतली पोकळी बारीक झालेला दात, मार लागून थोडेच दिवस झालेला दात, हे तिघं जिवंत असूनही बऱ्याचदा उत्तर देत नाहीत. उलट तीन मुळांच्या दाढेत एका मुळातला गर मेलेला आणि दुसऱ्यातला जिवंत असला की उत्तर अर्धवट येतं. एका परीक्षणावर निकाल द्यायचा नाही तो याचसाठी.

प्रोब नावाची खुणा केलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत फिरवली की खोली मिलिमीटरमध्ये कळते. १ ते ३ मिलिमीटर ठीक. सगळीकडे ५-६ लागत असेल तर हिरड्यांचा आजार. पण चौफेर २-३ आणि एकाच अरुंद जागी सळई एकदम ८-९ पर्यंत घसरली, तर मूळ उभं तडकल्याची शंका घ्यायची. विशेषतः रूट कॅनाल होऊन काही वर्षं झालेल्या दातात.

तडा हे सर्वांत जास्त हुलकावणी देणारं कारण, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. तक्रार ठरलेली असते: "चावताना मध्येच सणकन कळ येते, रोज नाही, विशिष्ट ठिकाणी घास आला की." एक्स-रे स्वच्छ. कीड नाही. ठोकून काही नाही. असे पेशंट दोन-तीन दवाखाने फिरून येतात आणि दुखणं मनाचं आहे असं ऐकूनही येतात. नीट विचारलं तर कळ दाबताना नाही, दाब सोडताना जास्त असते. चावताना तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात, सोडताना परत मिटतात, आणि आतला द्रव झटक्यानं हलतो. हे दाखवायला दाढेच्या एकेका टेकडीवर, म्हणजे चावायच्या बाजूच्या उंचवट्यावर, बसणारी छोटी प्लॅस्टिकची पाचर मिळते. ती एका टेकडीवर ठेवून चावायला लावायचं, तीन सेकंद धरून एकदम सोडायला सांगायचं, मग पुढची टेकडी. जिच्यावर पेशंटची ओळखीची कळ उमटते तिच्या बुडाशी तडा. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, कारण असा तडा बहुधा दाताच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे जातो आणि किरण त्याच्यावर समोरून पडतात. काळी रेघ दिसायला किरण फटीच्या सरळ रेषेत जायला हवेत. जुनं सिमेंट काढून, दवाखान्यातला मोठा दिवा बंद करून बारीक प्रखर उजेड बाजूनं टाकला की उजेड तड्यापाशी अडतो, पलीकडचा भाग अंधारा राहतो.

असे तडे खालच्या दाढा आणि वरच्या उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) यांत जास्त सापडतात. आपल्याकडे रोज कडक सुपारी फोडणारे, मटणाची नळी चावणारे, बर्फ कडाकडा खाणारे आणि झोपेत दात खाणारे यांना आम्ही हा प्रश्न आधी विचारतो. संशय पक्का झाला की दाढेभोवती धातूचा पट्टा बसवून दोन-तीन आठवडे बघतो. कळ थांबली तर सगळ्या टेकड्या झाकणारी कॅप पुरते. गारवा घोळत राहिला तर आधी रूट कॅनाल, मग कॅप. आणि तडा हिरडीखाली खोल उतरलेला असला तर ती दाढ वाचत नाही. हे पेशंटला खर्च होण्याआधी सांगायला हवं.

बाकीची कारणं लवकर उलगडतात. जेवल्यावर दोन दातांमध्ये दाटल्यासारखं ठसठसतं आणि काडीनं कोरलं की बरं वाटतं: घास अडकतोय. मेथीचे देठ, आंब्याचे धागे, मटण. दोन दातांमधला स्पर्श सैल झालाय, किंवा तिथेच लपलेली कीड आहे. फ्लॉस घालून बघायचा, वरच्या आणि खालच्या दातांचे हिरडीबाहेरचे भाग एकत्र दाखवणारा बाइटविंग एक्स-रे काढायचा. रोज काडी घालत राहिलं की फट वाढते.

सतरा ते पंचवीसच्या दरम्यान, शेवटच्या खालच्या दाढेमागे दुखतं, तोंड पूर्ण उघडत नाही, गिळताना त्रास, तोंडाला घाण चव: अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या झापेखाली अन्न कुजतंय. झापेखाली सलाइननं धुऊन काढलं की बराच आराम पडतो. वरची अक्कलदाढ त्याच झापेवर चावत असते का, ते बघायला विसरू नये.

हिरडीचा गळू आणि मुळाचा गळू बाहेरून सारखेच दिसतात. फरक गारव्याच्या परीक्षेत: हिरडीच्या गळूत दात बहुधा जिवंत असतो. हिरडीवर पुळी येऊन पू येत असेल तर तिच्या छिद्रातून गटापर्चाची (रूट कॅनालमध्ये भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढतो. काडीचं टोक ज्या मुळापाशी थांबतं तो दात दोषी. पुळी शेजारच्या दातासमोर असते तेव्हा ही पाच मिनिटं फार मोठी चूक टाळतात.

नवीन सिमेंट भरल्यावर फक्त चावताना दुखतं तर आधी निळा कार्बन कागद चावायला द्यायचा. सिमेंट उंच राहिलंय, ठिपका गडद उमटतो, तेवढं घासलं की काही दिवसांत थांबतं. दात काढल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ, दुर्गंधी आणि रिकामा खड्डा म्हणजे रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलंय. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. ते धुऊन औषधी पट्टी ठेवावी लागते. अँटिबायोटिकनं ती कळ जात नाही.

अनेक दात एकदम शिवशिवत असतील तर मानेपाशी बघायचं. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या आजी-मावशींच्या दातांच्या माना खाचा पडल्यासारख्या झिजलेल्या असतात, हिरडी खाली सरकलेली असते; आडवा जोर लावून कडक ब्रश घासणाऱ्यांचंही तेच. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रोज दोनदा लावली तरी फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मिश्री चालू ठेवून ती लावण्यात अर्थ नाही. मिश्रीत तंबाखू असतो, त्यामुळे गालाचा आणि जिभेखालचा भाग आम्ही त्याच वेळी तपासून घेतो.

आता दातांचा दोषच नसलेली दुखणी. सर्दी होऊन नाक चोंदलंय, वरच्या एकाच बाजूच्या तीन-चार दाढा ठोकल्यावर सारख्याच दुखतात, वाकल्यावर किंवा जिना उतरताना जड होतात आणि गारव्याला सगळ्या नीट उत्तर देतात: सायनस. वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळाशीच असतात. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला, खालच्या दाढा बोथट दुखतात, गालाचा चावण्याचा स्नायू दाबल्यावर तीच दाढ "दुखते": स्नायू. दाढी करताना, तोंड धुताना किंवा वाऱ्याच्या झुळकेनं विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ, मध्ये पूर्ण शांतता, वय पन्नाशीच्या पुढे: चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं. याच दुखण्यात धडधाकट दात एकामागून एक काढले जातात, पेशंट स्वतः आग्रह धरतो म्हणून. न्यूरोलॉजिस्टकडे पाठवणं हाच इलाज.

एक्स-रे आम्ही या सगळ्यानंतर काढतो. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय मुळाशी काळा डाग दिसत नाही, म्हणून रात्रभर ठणकणाऱ्या दाढेचा एक्स-रे अगदी साफ असू शकतो. आधी फिल्म पाहिली की डोळा तिथेच अडकतो.

इतकं करूनही वरची की खालची ठरत नसेल तर भूल. आधी वरच्या संशयित दाताजवळ इंजेक्शन, पाच-सात मिनिटं थांबायचं. ठणका गेला तर दोषी वर. नाही गेला तर खालच्या जबड्याचा ब्लॉक, म्हणजे त्या बाजूचा अख्खा खालचा जबडा बधिर करणारं इंजेक्शन. त्यानंही उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी कुठलाही दात उघडायचा नाही. "काहीतरी करा" हा पेशंटचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण चार-आठ दिवसांत गराची सूज बहुधा आपला दात उघड करते. तेवढ्या काळात काय खाताना, किती वाजता, किती मिनिटं, एवढी नोंद ठेवायला सांगतो.

त्या रात्रीसाठी प्रौढ माणसाला जेवणानंतर इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र, गरज असेल तर सहा ते आठ तासांनी पुन्हा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ही दोन्ही आधीच एकत्र असतात, त्यामुळे पाकीट वाचल्याशिवाय वरून आणखी घेऊ नये. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण किंवा पावसाळ्यात डेंगीची शंका असलेला ताप असेल तर इबुप्रोफेन नाही, फक्त पॅरासिटामॉल. सूज किंवा ताप नसलेल्या गराच्या दुखण्याला अँटिबायोटिक देत नाही. सुजून कोंडलेल्या गरात औषध पोचवणारं रक्तच नीट फिरत नाही, आणि ठणका सुजेचा असतो. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, तोही फक्त किडीच्या खड्ड्यात; हिरडीला लागलं तर भाजतं. सुजलेल्या गालावर शेक देऊ नये. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवू नये. गोळी पोटात जाऊनच काम करते. हिरडीत ठेवली की तिथली कातडी पांढरी पडून सोलते आणि दुसऱ्या दिवशी तपासताना भाजल्याची आग कोणती नि दाताची कळ कोणती, हेच वेगळं करता येत नाही.